वरकस सोडा, खाचरं कसत ठेवा, सड्याला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित 11 एकर जमीन आहे: 2 एकर भातखाचरं, 6 एकर वरकस (भात न होणारी उताराची जमीन), 3 एकर कातळाचा सडा (उघडा खडकाळ माळ). मालक ठाण्याला असतात, चार वर्षं भात लावलेलं नाही. आता सगळ्याला कुंपण घालून 'आपोआप रान होऊ दे' असा विचार आहे. मेहुणे म्हणतात काजू लावा. वाडीतली माणसं नाराज आहेत. आणि कुणीतरी सांगितलंय की रान वाढलं की सरकार जमीन घेतं.

माझं मत वर शीर्षकातच आहे. आता कारणं आणि पद्धत.

सातबाऱ्यावर नाव आपलं, म्हणून जमीन रानाला सोडणं हा घरचा निर्णय वाटतो. तसा तो नसतो. सावली, पक्षी आणि समाधान मालकाच्या वाट्याला येतं. डुकरं, माकडं आणि वणव्याची धास्ती शेजाऱ्याच्या. मालक शहरात आणि शेजारी वाडीत असला की हिशेब आणखी वाकडा होतो. वाडीतली नाराजी ही अडाणीपणाची खूण समजू नका. त्यांना नुकसान दिसतंय, आणि ते खरं आहे.

हल्ली असा विचार करणारे सगळे इंग्लंडमधल्या नेप इस्टेटचं उदाहरण देतात. ससेक्समधली ती जमीन साडेतीन हजार एकर, एकाच घराण्याची, जड चिकणमातीची आणि शेतीत तोट्यात गेलेली. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथली शेती टप्प्याटप्प्याने बंद करून लाँगहॉर्न गुरं, एक्समूर तट्टं आणि टॅमवर्थ डुकरं मोकळी सोडली. शेजारच्या शेतकऱ्यांनी तणाचं बी आमच्या कुरणात येतं म्हणून तिथेही ओरड केली. पण एक फरक लक्षात घ्या: तिथली गुरं-डुकरं मालकाची आहेत, संख्या वाढली की काढली जातात, मांस विकलं जातं. तुमच्या रानात येणारं डुक्कर कुणाच्याच मालकीचं नसतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये ते आहे, आणि कलम 11 खालची परवानगी असल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. साडेतीन हजार एकरांच्या मधोमध राहणारं डुक्कर शेजाऱ्याकडे पोचायला वेळ लागतो. सहा एकरांतलं एका उडीत पोचतं.

म्हणून आधी खाचरांचं बोलू.

कोकणातलं भातखाचर एकटं नसतं. वरच्या खाचराचं पाणी बांधातल्या वाटेने खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. मधलं एक पड पडलं की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा बांध जातो. कारण साधं आहे. खेकडे बांधाला बिळं पाडतातच, दरवर्षी लावणीआधी कुणीतरी माती थापून ती बुजवतं म्हणून बांध टिकतो. बुजवणारं कुणी नसलं की जुलैच्या जोराच्या पावसात पाणी बिळातून वाट काढतं, बांध फुटतो, आणि साठलेला गाळ खालच्या शेतकऱ्याच्या तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपांवर, जातो. पिढ्यान् पिढ्या उतारावरून अडवलेली ती माती. एकदा गेली की परत येत नाही, आणि रानालाही तिचा उपयोग होत नाही.

दुसरं, पक्षी आणि जनावरं. वाडीतली वीस खाचरं एकदम लावली जातात, एकदम पिकतात, तेव्हा नुकसान वीस जणांत विभागलं जातं. दहा पड पडली की तेवढीच डुकरं, तेवढेच पोपट-मुनिया उरलेल्या दहांवर पडतात. मग अकरावा शेतकरी सोडतो, बारावा सोडतो. शेवटी जो राहतो त्याचं पीक हाती लागतच नाही. कोकणात भातशेती सुटण्यामागे मुंबईची नोकरी आणि मजुरी ही कारणं आहेतच, पण ही गळती त्यांच्या जोडीला आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तुमची दोन एकरं खाचरांच्या मधोमध असतील तर ती रानाला सोडून निसर्गाचं फारसं भलं होणार नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात पावसाळाभर बेडूक, खेकडे, पाणपक्षी असतात. फुटक्या बांधाच्या पडीक खाचरात पाच-सात वर्षांनी रानमोडीचं तण असतं.

तुम्हाला स्वतःला लावणी जमणार नाही, हे धरून चालू. मग शेजाऱ्याला कसायला द्यायचं, आणि इथे प्रत्येक मालक अडतो: कूळ लागेल ही भीती. ती भीती निराधार नाही, 1 एप्रिल 1957 नंतर लागलेल्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा हक्क कायद्यात आहे. म्हणून खंडाने (ठरल्या भाड्याने) किंवा तोंडी अर्धेलीने (निम्म्या पिकावर) देऊ नका. स्वतः कसायचं, मजुरीने कसायचं. बियाणं, खत आणि पॉवर टिलरचा खर्च तुमच्या खात्यातून, मजुरीची नोंद, ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावरची पिकाची नोंद) तुमच्या नावाने. भात कुणी न्यायचं ते आपसात ठरवा. हे कागदावर आणण्याआधी तालुक्यातल्या महसुली कामं करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्या: जनावरांनी पीक खाल्लं तर भरपाईचा अर्ज सातबाऱ्यावरच्या माणसाच्या नावाने जातो. पैसे आले तर ते ज्याचं भात गेलं त्याला द्यायचे, हे आधी ठरलेलं नसलं की पहिल्याच वर्षी तोंड फिरतं.

कुणीच लावायला तयार नसेल तर किमान तीन कामं चुकवू नका. मे महिन्यात बांधाची डागडुजी, पहिल्या पावसात पाण्याची वाट मोकळी, ऑक्टोबरात गवत कापणी. ओल असेल तिथे कापणीनंतर कुळीथ किंवा पावटा टाका. एवढ्यावरही खाचर दहा वर्षं टिकतं आणि शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होत नाही.

आता वरकस. इथे मी मोकळेपणाने 'सोडा' म्हणतो, कारण वरकस मुळात रानच आहे, फक्त सतत खुडलेलं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (पानांच्या फांद्या) तोडलेली झाडं, गुरांचं चरणं, दहा-बारा वर्षांनी लाकूडवाल्याला दिलेली तोड. वरून उजाड दिसणाऱ्या उतारात ऐन, किंजळ, जांभूळ, नाणा, कुडा यांचे जिवंत खुंट असतात. तीच तुमची खरी पुंजी. रोपवाटिकेतून आणलेली दोन हजार रोपं जे दहा वर्षांत करतील ते हे खुंट चार वर्षांत करतात, कारण त्यांची मुळं आधीच खडकाच्या भेगांत उतरलेली आहेत.

म्हणून पहिलं काम मोजणी. सुतळीने 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन आखा. हा जवळजवळ एक गुंठा होतो. वरकसात वेगवेगळ्या ठिकाणी, वर-खाली-मध्ये मिळून दहा-बारा चौकोन घ्या. ऑक्टोबरात, गवत अजून उभं असताना, प्रत्येकात धुमारे फुटलेले खुंट आणि गुडघ्याच्या वर गेलेली झाडांची रोपं मोजा. झुडपं धरू नका. सरासरी सात-आठच्या वर आली तर एकही रोप लावायची गरज नाही. तीन ते सात असेल तर फक्त मोकळ्या जागा भरा. तीनच्या खाली आली, विशेषतः जिथे जेसीबी फिरलाय किंवा वर्षानुवर्षं नाचणी-वरी झालीय, तिथे लागवड लागते.

खुंटांवर काय करायचं? तोडलेल्या ऐनाच्या खुंटाला पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा धुमारे फुटतात. सगळे ठेवले तर झुडूप होतं, झाड होत नाही. दुसरा पावसाळा संपला की, नोव्हेंबर-डिसेंबरात, खुंटामागे दोन किंवा तीन धुमारे ठेवून बाकीचे कोयत्याने तिरपे, बुडाशी काढा. ठेवायचे ते जमिनीलगत फुटलेले. खुंटाच्या वरच्या कडेला फुटलेला धुमारा दिसायला जाड आणि सरळ असतो, म्हणून नवखा माणूस तोच राखतो. पण खुंट कुजत गेला की तो वाऱ्याने सालीसकट निखळतो. जमिनीलगतच्याला स्वतःची मुळं फुटतात. काढलेल्या काठ्या वाडीला सरपणाला द्या. हे किरकोळ वाटेल, पण ज्या चुलीला तुमच्या वरकसाची फाटी मिळते त्या घरातला माणूस तुमच्या रानाला आग लागली तर धावतो.

लागवड लागलीच तर एकरी 60 ते 80 रोपं, त्याहून जास्त नाही. खड्डा दीड फुटी, मे महिन्यात खणून ठेवलेला. रोप दोन वर्षांचं, तीन फुटांच्या पुढचं. लावायचं जूनच्या शेवटी पाऊस लागून राहिला की. जुलै संपताना लावलेलं रोप दसऱ्यापर्यंत मूळ धरत नाही आणि मार्चमध्ये जातं. जातींसाठी लांब जाऊ नका. गावच्या देवराईत आणि शेजारच्या उतारावर काय आहे ते बघा आणि तेच घ्या: बेहडा, किंजळ, जांभूळ, काटेसावर, वहाळाकाठी उंबर. वड-उंबराच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसात खोचल्या तर लागतात आणि पक्षी त्यांवर बसून बाकीचं बी आणतात. ऑस्ट्रेलियन अकेशिया फुकट मिळाली तरी नको. गिरीपुष्प खाचराच्या बांधावर ठीक, हिरवळीच्या खताला उपयोगी. वरकसात नको, तिथे ते हटत नाही. आणि मियावाकी पद्धतीने दाट लागवड करून देणारा ठेकेदार आला तर त्याला शहरातल्या पाच गुंठ्यांच्या प्लॉटकडे पाठवा. जिथे जिवंत खुंट आहेत तिथली माती उकरून त्यात भुसा-शेणखत भरणं म्हणजे आहे ते मारून नवं विकत घेणं.

रानमोडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सोडलेल्या जमिनीचं काय होणार हे तीच ठरवते. नुसती कापली तर दुप्पट फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरात माती ओली असताना, फुलावर येण्याआधी, मुळासकट उपटायची. सगळं रान साफ करायच्या मागे लागू नका. उतारावर माती उघडी पडते, पुढच्या पावसात पुन्हा तीच येते. प्रत्येक रोपाभोवती आणि खुंटाभोवती एक मीटर, आणि शेजाऱ्याच्या हद्दीलगतचा पूर्ण पट्टा, एवढंच. झाडांची सावली मिळाली की उरलेली ती आपोआप विरळ होते. घाणेरी असेल तर बुडाखाली दोन-तीन बोटं मातीत कुदळ घालून मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. वरून छाटणं म्हणजे मजुरी फुकट.

एवढं करूनही सगळं एका दुपारी जाऊ शकतं, कारण वणवा. तीन मीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या उतारावर गवत डोक्याएवढं होतं, आणि चराई बंद केली की ते तसंच उभं वाळतं. म्हणजे कुंपण घालून गुरं हाकलल्यावर पहिल्या तीन वर्षांत तुमच्या जमिनीत आगीचं खाद्य पूर्वीपेक्षा जास्त असतं. आग येते रस्त्याकडून, पायवाटेकडून, शिकारीला गेलेल्यांकडून, बाग साफ करताना पेटवलेल्या पालापाचोळ्यातून. खुंट पुन्हा फुटतात, पण उंची शून्यावर येते आणि पातळ सालीची रोपं मरतात. जळलेल्या जागेत गवत आणि रानमोडी जोमाने येतात, ती पुढच्या वर्षी आणखी जळतात. असं चक्र लागलेली कित्येक वरकसं पंधरा-पंधरा वर्षं कमरेएवढीच राहतात.

त्यावरचा उपाय जाळरेषा. चढावर आग वेगाने धावते, म्हणून खालची कड आणि रस्त्याची कड आधी. रुंदी किमान चार मीटर, उंच गवतात सहा. भातकापणी आटोपली की गवत कोयत्याने जमिनीलगत कापून काढायचं. 300 मीटर लांबीच्या चार मीटर पट्टीला सहा ते आठ माणसांचा दिवस लागतो, ब्रशकटरने दीड दिवस. कापलेलं गवत पट्टीतच पडू दिलं तर रेषेचा उपयोग नाही. उरलेला बुडखा डिसेंबरात, पहाटे दंव असताना, वारा पडलेला असताना जाळायचा. सोबत चार माणसं, पाठीवरचे दोन फवारणी पंप पाण्याने भरलेले, आणि झोडपायला ओल्या पानांच्या फांद्या. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं. दुपारी कुणी 'पटकन उरकून टाकू' म्हणालं तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

पण सगळ्यात स्वस्त जाळरेषा म्हणजे शेजाऱ्याची गुरं. वाडीला सांगा: गवत कापून न्या, फुकट. दिवाळीनंतर गुरंही चरू द्या. पहिले तीन पावसाळे मात्र जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बंद, आणि शेळ्या कधीच नाहीत. यात तुमचे काही धुमारे खाल्ले जातील. चालतं. आगीत सगळेच जातात.

इथेच कुंपणाचा प्रश्न येतो. वरकसातून वाडीची पायवाट जाते का, झऱ्यावर कोण पाणी भरतं, शिमग्याला होळीचं झाड पूर्वी तुमच्या हद्दीतून जायचं का, गवळी धनगरांची गुरं कुठून उतरतात, हे कागदावर कुठेच नसतं आणि सगळ्यांना माहीत असतं. मालक मुंबईला गेल्यावर वरकस निम्मी गावाचीच होऊन जाते. त्यावर एके दिवशी तारा ठोकल्या की भांडण झाडांवरून होत नाही, पायवाटेवरून होतं. आणि आग 'चुकून' लागते. कुंपण घालायचंच असेल तर फक्त रस्त्याच्या बाजूला, गाड्या आणि कचरा रोखण्यापुरतं. पायवाट सोडा, झरा सोडा, होळीला एक झाड दरवर्षी ठरवून द्या. बोलणी गणपतीत किंवा शिमग्यात करा, तेव्हा चाकरमानी आणि भावकी दोन्ही घरात सापडतात. एकट्या सरपंचाशी बोलून भागत नाही.

झऱ्याचं पाणी वाढेल असं आश्वासन मात्र देऊ नका. जमिनीत मुरणं सुधारतं, धूप थांबते. पण जोमाने वाढणारी तरणी झाडं पाणीही भरपूर ओढतात. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात झरा वाढला नाही, किंवा थोडा कमीही झाला, तर शब्द तुमच्या अंगावर येईल.

जनावरांचा मामला आणखी जपून. डुकराची मादी एका वेताला चार-सहा पिल्लं घालते आणि तिला दिवसा दाट आडोसा हवा असतो. तो आडोसा शेजाऱ्याच्या भातापासून दूर ठेवणं तुमच्या हातात आहे: हद्दीलगत 15 मीटरचा पट्टा गवत कापलेला, झुडूप न वाढू दिलेला. त्यापलीकडे सौर कुंपण. शेजाऱ्याच्या खाचराभोवतीच्या सौर कुंपणाचा निम्मा खर्च तुम्ही उचला, हा माझा आग्रह आहे. रान तुमचं आहे. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान आहे, गाव बसतं का ते परिक्षेत्र कार्यालयात विचारा. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर हवी, आणि नेमकी तीच पावसाळ्यात गवताला टेकते, विजेचा झटका जमिनीत जातो, कुंपण निकामी होतं. भात उभं असताना दर आठवड्याला तारेखाली गवत काढणारा माणूस ठरलेला नसेल तर कुंपणावर पैसे घालू नका. घरगुती विजेची तार जोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात. माकडांवर यातलं काहीच चालत नाही. शेजारी हापूस किंवा केळीवाला असेल तर त्याच्या बागेकडच्या कडेला तुमची उंच झाडं बागेला टेकू न देणं, एवढंच करता येतं.

सडा. तीन एकर 'ओसाड' कातळ बघून तिथे खड्डे खणायची हौस सगळ्यांना येते, सरकारी लागवडीलाही यायची. तो ओसाड नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं आणि इतर शेकडो लहान वनस्पती उगवतात. दीपकाडीसारखी कोकणातल्या कातळांपुरतीच असलेली फुलं तिथे असतात. बाहेरून माती आणून झाडं लावली की हे जातं आणि झाडंही तिसऱ्या उन्हाळ्यात मरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत, तेव्हा जेसीबी चढवण्याआधी पावसानंतर एकदा कातळ नीट बघा. बाकी काही करायचं नाही. गुरं चरत होती तशी चरू द्या.

आता 'सरकार घेतं' ही भीती. तिला इतिहास आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 रोजी लागू झाला आणि त्या दिवशी व्याख्येत बसणारी खाजगी वनं शासनाकडे गेली. पुढे कित्येक वर्षांनी, 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 खालच्या जुन्या नोटिशींच्या आधारावर, सातबाऱ्यांवर 'खाजगी वन' अशा नोंदी चढल्या. गोदरेज अँड बॉयस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये ठरवलं की नुसती छापलेली नोटीस पुरत नाही, ती मालकावर बजावलेली हवी. तुमच्यासाठी मुद्दा असा की तो कायदा 1975 ची स्थिती बघतो. आज उगवणाऱ्या रानाला तो आपोआप लागत नाही. पण प्रत्येक गटाचे जुने फेरफार काढून अशी नोंद आहे का, हे पहिल्या महिन्यात बघा. असेल तर बाकीचं सगळं थांबवून आधी तिचा निकाल लावा.

खरी अडचण दुसरीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशानुसार, मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन त्याला 1980 चा वन कायदा लागतो. 2023 च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आवळली आणि खाजगी जमिनीवर लावलेली झाडं वगळली. त्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त 1996 चाच अर्थ धरायला सांगितलं. आपोआप वाढलेलं रान कुठे बसतं यावर वाद घालायला जागा आहे. याचा व्यवहारातला अर्थ: जमीन जात नाही, पण वीस वर्षांनी तुमच्या मुलाला तिथे घर, बाग किंवा बिनशेती करायची असेल तर वापर अडकू शकतो. म्हणून घरासाठी, रस्त्यासाठी, बागेसाठी जागा हवी असेल तर ती आजच बाजूला काढा, कसत ठेवा आणि तशी नोंद ठेवा.

नोंदीचं महत्त्व आणखी एका कारणाने. कूळकायद्याच्या कलम 65 खाली सलग दोन वर्षं न कसलेल्या जमिनीचं व्यवस्थापन शासन हाती घेऊ शकतं. एरवी कुणी ते बाहेर काढत नाही, पण भावकीत वाद असला की अर्ज ठोकायला तेवढं निमित्त पुरतं. तुमची चार वर्षं पड आहेच. तेव्हा ई-पीक पाहणीत वरकसाला 'कायम पड' टाकून मोकळे होऊ नका. जी झाडं आहेत, जी लावलीत ती नोंदवा, फोटोसकट. सडा पोटखराबात (लागवडीला अयोग्य जमिनीत) दाखवलेला आहे का तेही बघून घ्या.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची भीती यात मिसळते. जुलै 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्याने खाणी, लाल श्रेणीतले (सर्वांत प्रदूषणकारी) उद्योग, मोठी बांधकामं अडतात. शेती आणि मालकी बदलत नाही. तरीही गावागावांत विरोध का, हे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे बघून कळतं. तिथे खाजगी रानं विकत घेऊन रबर आणि अननस लावले गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 2013 मध्ये वृक्षतोडीवर बंदी आली, मार्च 2024 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं संवेदनशील जाहीर करा असा निकाल झाला. ज्याने आधी रान तोडून विकलं त्याला पैसे मिळाले. ज्याने राखलं त्याच्यावर बंधनं आली. हा क्रम लोकांनी पाहिलाय, आणि तो चुकीचा आहे असं मलाही वाटतं. राखणाऱ्याला मोबदला देण्याचा प्रयोग फार थोड्यांनी केला. पुण्याच्या एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) या संस्थेने संगमेश्वर भागातच खाजगी रानमालकांशी संवर्धन करार केले आहेत. तुमच्या तालुक्यातलं काम आहे, त्यांच्याशी बोला. अधिकृत 'सामुदायिक राखीव क्षेत्र' वगैरेच्या वाटेला मात्र सहा एकरांसाठी जाऊ नका. सगळी वाडी बिथरेल.

या सगळ्याच्या आधी सहहिस्सेदार. सातबाऱ्यावर चुलते, आत्या, त्यांची मुलं अशी बारा-पंधरा नावं असतील तर तुमचं रान त्यांच्यातल्या सगळ्यात अडलेल्या माणसाच्या गरजेइतकंच टिकतं. लग्न निघालं, दवाखाना निघाला, की लाकूडवाला त्याच्या दारात असतो. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगी लागते. पण परवानगी मिळते. आधी वाटप करून हिस्सा वेगळा करून घ्या, मोजणी आणा, दगड रोवा. ज्याला वाटप नको त्याला त्याच्या हिश्श्याच्या लाकडाचे पैसे देऊन लेखी घ्या. रोपांवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च आधी.

मेहुण्यांच्या काजूबद्दल. 1990 पासून रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातले उतार आंबा-काजूखाली आणले आणि त्याने कित्येक घरं सावरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नुकसान झालं ते सगळा डोंगर जेसीबीने सोलून, खुंट उपटून, तणनाशक मारून केलेल्या बागांनी. रस्त्यालगतचा दीड एकर मेहुण्यांना द्या. वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं, 7 बाय 7 मीटरवर, एकरी 80 च्या आसपास. खड्ड्यापुरतीच जमीन उकरायची, मधले जांभूळ-बेहडे ठेवायचे. कसती जमीन म्हणून नोंदही राहते, घराची जागाही त्यातच निघते, आणि रस्त्याकडून येणाऱ्या आगीला साफ ठेवलेली बाग ही चांगली आड आहे. उरलेल्या साडेचार एकरांतून मिळकत किरकोळ: रातांबे, शिकेकाई, करवंदं, रायवळ आंबा, हिरडा-बेहडा. भीमाशंकरकडे महादेव कोळी कुटुंबांनी गोळा केलेल्या हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड हे (रान न ओरबाडता गोळा केल्याचं) प्रमाणपत्र मिळून चांगला भाव आला, पण तो मोठ्या क्षेत्रातून, अनेक घरांनी मिळून गोळा केलेला माल होता. तुमच्याकडचे रातांबे वाडीतल्या बायकांना काढू द्या, आमसुलं त्यांची.

कार्बन क्रेडिटचं (झाडांनी शोषलेल्या कार्बनबद्दल पैसे देण्याच्या योजनेचं) पत्रक घेऊन कुणी आलंच तर तीन गोष्टी विचारा: करार किती वर्षांचा, मोजणी-पडताळणीचा खर्च कुणाचा, आणि मध्ये वणवा लागला तर पैसे परत कोण करणार. पाच-सहा एकरांना तिसऱ्या प्रश्नावरच माणूस उठून जातो.